नातीची परीक्षा आणि मी

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्यावर आमच्या गावात मराठी शाळा निघाली. तिच्यात मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शिकवलं नाही. पण नात स्पॅनिश शिकायला लागली तेव्हा तेवढं शिक्षण कामाला आलं. तिला घरी प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते वहीत देवनागरीत लिहून दिले. मी तांदूळ निवडत वाचायची.

"के ते गुस्ता आसेर एन तु तिएंपो लिब्रे?"

म्हणजे रिकाम्या वेळात तुला काय करायला आवडतं. तोंडी परीक्षेत दहा मिनिटं यावरच बोलायचं होतं. पास झाली की वेरूळला स्पॅनिश पाहुण्यांना लेणी दाखवायचं काम तिला मिळणार होतं. एका कंपनीनं तसा शब्द दिला होता.

"मे गुस्ता नादार," ती म्हणायची. मला पोहायला आवडतं.

"तू पाण्यात कधी उतरलीस गं? हरसूलचा तलाव लांबून बघतेस."

"आजी, परीक्षेत काय विहिरीत ढकलून बघणारेत?"

तिच्या आईला जाऊन चार वर्षं झाली होती. घरात माझाच शब्द चालायचा. मुलगा, म्हणजे तिचा बाप, मला विचारल्याशिवाय काही ठरवत नव्हता. नातीची दोन स्थळं रंगावरून परत गेली होती. तिसरं जालन्याचं आलं. मुलाला पक्की नोकरी, स्वतःचं घर. ती माणसं परीक्षेच्या दोन दिवस आधी बघायला आली.

पोहे झाले. आमच्या वेळेला मुलीला चालायला लावायचे, सुईत दोरा ओवायला लावायचे, अंबाडा सोडून केस बघायचे. आता छंद विचारतात. मुलाच्या मावशीनं विचारलं, "छंद काय आहेत बाळा?"

रांगोळी म्हणाली असती तर संपलं असतं. ती म्हणाली, "स्पॅनिश बोलते. परवा परीक्षा आहे. मग वेरूळला गाईडचं काम करणार."

"परक्या माणसांना घेऊन लेण्यांतून हिंडायचं? दिवसभर?"

माझ्या मुलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "नाही हो. रिकाम्या वेळेचा छंद आहे तो. लग्न ठरलं की सुटतो."

"मग हरकत नाही," मावशी हसली. "मला बी विणकामाचा लई नाद होता."

तिथंच सुपारी फुटली. नवऱ्या मुलाची सुट्टी संपत आली होती, म्हणून साखरपुडा परवाच, सकाळी, असं ते म्हणाले. परीक्षा त्याच सकाळी होती. ते मला पाठ होतं. मी हो म्हणाले.

पाहुणे गेल्यावर नात कपबशा विसळत होती. तोंड वर न करता म्हणाली, "तुला तारीख माहीत होती ना?"

"व्हय."

"मग?"

"स्थळ चांगलं होतं."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाय म्हणाली असतीस."

तिनं उरलेल्या बश्या विसळल्या. रडली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. ते मला येतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीनं नातीच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली. ती ओली असतानाच क्लासच्या बाईंचा फोन आला. नातीला फोन धरता येईना, म्हणून मी तिच्या कानाला धरून उभी राहिले. बाई विचारत होत्या. ही ऐकत होती. मग स्पॅनिशमध्येच बोलायला लागली. न अडखळता, बराच वेळ. माझ्यापुढं ती कधी इतकं बोलली नव्हती. मला प्रश्न तेवढे वाचता येत होते, उत्तरं येत नव्हती. माझा हात भरून आला.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस?"

"परीक्षेला येत नाही म्हणाले."

"एवढं लांब?"

"हो. त्या भाषेत लांबच आहे ते," ती म्हणाली, आणि हात वाळवायला अंगणात जाऊन बसली.