वेलांटी पळाली

माझ्या पदवीसाठी मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो बोईसर स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्या काकांचा. मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो आणि मी ऐकतो. पण अभ्यासासाठी विकत घेतलेली ई-पुस्तकं माझ्या फोनला वाचता येत नसत. काका त्यांचा साधा मजकूर काढून देत.

तो काढताना वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत आणि फोन बोबडा बोले. "मास्तर, पळाली बघा वेलांटी," असं मला म्हणत काका एकेक पान मोठ्याने वाचून दुरुस्त करत. एंटरचं बटण खिळा ठोकल्यासारखं दाबत. गिऱ्हाइकाने घाई केली, तर म्हणत, "थांब रे, पोराची परीक्षा हाय."

परीक्षेच्या आठवड्यात भूगोलाची फाइल ऐकताना फोन मध्येच काकांच्या बोलीत म्हणाला, "इथे किनाऱ्याचा नकाशा हाय. मला नीट कळला नाय. विचारून सांगतो." पुढच्याच परिच्छेदात खाड्या कुठे आत शिरतात, नद्या कुठून येतात, सगळं होतं. खाली लिहिलं होतं, "सातपाटीच्या एका नाखव्याला दाखवून लिहिलंय."

निकाल लागल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं.

"काका, पास झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नकाशावर प्रश्न आला होता. माझा पेपर लिहिणाऱ्या ताईंनी नंतर विचारलं, न बघता किनारा एवढा नेमका कसा सांगितलास? त्यांना तुमच्या दुकानाचा पत्ता दिलाय. त्या माझ्यासारख्या आणखी दोघांचे पेपर लिहितात. ते दोघे सोमवारी पुस्तकं घेऊन येतील. नाही म्हणू नका."