सबको लूटना है

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. गॅसवाल्याशी, बँकेशी, बिल्डरच्या मेन्टेनन्सवाल्याशी भांडायची वेळ आली की फोन मुकाट्यानं माझ्या हातात येतो. पण त्या जानेवारीत मी ज्या कस्टमर केअरशी भांडायला बसले, तिथे माझी पार फजिती झाली.

सासूबाईंचा संसार दिल्लीच्या पहाडगंजात झाला. सासऱ्यांची सरकारी नोकरी, भाड्याच्या दोन खोल्या आणि खाली घाऊक मालाची दुकानं. त्यांच्या हळदीकुंकवाला मराठी बायकांची रांग जिन्यात खालपर्यंत लागायची म्हणे. पुढे आम्ही नवराबायको नोएडात नोकरीला लागलो, कर्ज काढून फ्लॅट घेतला, आणि सासरे गेल्यावर सासूबाईंना इकडे घेऊन आलो. इथे सेक्टरला नाव नाही, नुसता नंबर. शेजारी भेटतात ते लिफ्टमध्ये, आणि तेही फोनमध्ये बघत असतात.

सासरे गेले त्या वर्षापासून सासूबाईंनी हळदीकुंकू बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. सांगावं कशाला लागतं? कपाळ रिकामं झालं, बोलावणी थांबली, आणि चांदीचा करंडा मऊ कापडात गुंडाळून कपाटात गेला. मला हे सगळं बघून चीड यायची, पण त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. बोललं की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. मान वर न करता त्या म्हणाल्या, "या वर्षी वाण लुटूया का गं?"

मी बघतच राहिले. तशा त्या घाईघाईनं पुढे म्हणाल्या, "कुंकू तू लाव. मी नुसतं वाण देईन. इथे कुणाला काही माहीत नाही ना."

म्हणजे त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. या इमारतीतल्या बायकांना हळदीकुंकू म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मग विधवेनं वाण द्यायचं नसतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? नाव ठेवायला इथे कुणी नव्हतं. कौतुक केलं असतं तर बाई लगेच मागे सरल्या असत्या, म्हणून मी मटाराच्या शेंगेकडे बघत म्हटलं, "लुटूया की. काय लुटायचं?"

"गूळ," त्या म्हणाल्या. तेही ठरलेलं होतं.

फोनवरून किराणा मागवायला त्या नव्यानंच शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. दुपारी त्यांनी मला फोन दाखवला. गुळाच्या अर्धा-अर्धा किलोच्या पुड्यांचा अख्खा खोका, आणि किंमत एका पुडीची.

"आई, काहीतरी चुकलंय त्यांचं."

"चुकलं असेल तर त्यांनी बघावं. मी थोडीच लिहिलीय ती किंमत?" असं म्हणून त्यांनी दोन खोके मागवलेसुद्धा. पैसे त्यांच्या पेन्शनमधले. वाण आपल्या पैशाचं असावं, यावर त्या ठाम होत्या. संध्याकाळी शाल पांघरून त्या माझ्याबरोबर दारोदार फिरल्या आणि प्रत्येक घरी सांगितलं, "शनिवार को आइए। तिळगूळ है, हल्दी-कुंकू है।" इतक्या लोकांशी बोलताना मी त्यांना नोएडात पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना निरोप आला. किंमत चुकून लागली होती, ऑर्डर रद्द, पैसे सात ते दहा दिवसांत परत. मला वाटलं, संध्याकाळी बघू. पण सासूबाईंनी माझी वाट न बघता स्वतःच कस्टमर केअरला फोन लावला होता. मी घरी आले तर दिवा न लावता बसलेल्या. फोनवर नवा निरोप होता. त्यांचं खातं बंद केलं होतं आणि पैसे चौकशी होईपर्यंत अडकवून ठेवले होते.

"मला लबाड समजले असतील का गं ते?" त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी हे काढायलाच नको होतं. देवाच्या मनात नसेल. बायकांना सांग, माझी तब्येत बरी नाही."

ऑर्डर कंपनीनं रद्द केली होती, देवानं नव्हे. पण त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलं. आता मागे हटल्या तर हा विषय त्या जन्मात पुन्हा काढणार नाहीत, आणि त्या करंड्याचं कापड कधी सुटणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. माझं डोकं असं तापलं की चप्पल न काढताच मी फोन लावला.

आधी संगीत ऐकवलं. मग कॉल रेकॉर्ड होईल असं बजावलं. मग एक मुलगी आली, आवाजावरून अगदी कोवळी. मी तिला बोलूच दिलं नाही. चूक तुमची, किंमत तुमची, ऑर्डर तुम्ही रद्द केलीत, वर एका म्हाताऱ्या बाईंचे पैसे अडकवून ठेवता, लाज वाटत नाही का, असं सगळं हिंदीत धडाधड ऐकवलं. ती बिचारी मी थांबायची वाट बघत होती.

"मैम, आप गुस्सा मत होइए," ती म्हणाली. "यहाँ नोट लिखा है।"

"क्या लिखा है? पढ़िए।"

ती चाचरत वाचायला लागली. "ग्राहक ने कहा, सामान सबको लूटने के लिए चाहिए। दोबारा पूछने पर भी यही कहा।"

मी फोन कानापासून दूर धरला आणि सासूबाईंकडे वळले. "आई, सकाळी तुम्ही काय बोललात त्यांना?"

"खरं तेच बोलले. हमको शनिवार को लूटना है, पूरी बिल्डिंग को बुलाया है, सबको लूटना है. त्यात काय चुकलं?"

आणि मला हसू फुटलं. किती दाबलं तरी आवरेना. मी तिथेच खुर्चीत बसून पोट धरून हसले. सासूबाई चांगल्याच चिडल्या. "दात काय काढतेस? वाण लुटतात त्याला दुसरं काय म्हणायचं?"

"अहो आई, हिंदीत लूटना म्हणजे दरोडा."

"ते मला शिकवू नकोस, जन्म काढलाय मी दिल्लीत," असं म्हणाल्या खऱ्या, पण तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पहाडगंजात वाणाचं सगळं बोलणं मराठी बायकांतच व्हायचं. तो शब्द हिंदीत म्हणायची पाळी त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

फोनमधून "मैम? हेलो?" चालू होतं. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला.

"बेटा, हमारे में देने को लूटना बोलते हैं," त्या म्हणाल्या. "जो औरतें घर आती हैं, उनको कुछ देते हैं। गिनती नहीं करते, जो आया उसको दे दिया। वो लूटना।"

"देने को लूटना?" मुलगी हसली, आणि तो हसण्याचा आवाज कुणी शिकवलेला नव्हता. "आंटी, मैं ये नोट हटा देती हूँ। पैसा भी वापस आ जाएगा। पर वो दाम नहीं दे पाऊँगी, वो गलती थी, पॉलिसी में लिखा है।" मग तिनं विचारलं, "आंटी, आपके यहाँ कोई भी आ सकती है? सबको देते हैं?"

खरं उत्तर सासूबाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. सगळ्यांना नव्हतेच देत. त्यांनाच कितीतरी वर्षं कुणी दिलं नव्हतं.

"हाँ," त्या म्हणाल्या. "जो आएगी, सबको।"

फोन ठेवल्यावर त्यांनी मला विचारलं, "हे सगळं रेकॉर्ड होतं ना?"

"होतं की. सुरुवातीलाच सांगतात."

"मग झालं. बोलून बसले आता. द्यायलाच हवं." आणि त्यांनी उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सेक्टरच्या मार्केटमधून पूर्ण भावानं गूळ आणला. त्यातही दुकानदाराशी घासाघीस करून त्यांनी थोडे पैसे कमी करून घेतलेच. घरी येऊन करंडा चिंचेनं घासला.

शनिवारी बायका आल्या, जरा बुजतच. कुणी जॅकेट घालून, कुणी जीन्सवर, एक तर थेट ऑफिसातून. मी दाराशी करंडा घेऊन उभी, सासूबाई माझ्या मागे टोपली घेऊन. मी हळदीकुंकू लावायचं, त्यांनी तिळगूळ आणि गुळाची पुडी द्यायची. सगळं छान चाललं होतं. मग तळमजल्यावरच्या हरियाणवी ताई आल्या, सासूबाईंच्याच वयाच्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या. माझं बोट कपाळाकडे जाताच त्या एक पाऊल मागे सरल्या.

"मेरे को मत लगा बेटी," त्या म्हणाल्या. "मेरा आदमी गुज़र गया। हमारे यहाँ नहीं लगाते।"

इथे कुणाला काही माहीत नाही, याच आधारावर आम्ही सगळं मांडलं होतं, आणि ही बाई सगळं जाणून होती. माझं बोट तसंच हवेत राहिलं. वाटलं, आता सासूबाई टोपली ठेवून आत निघून जाणार.

त्यांनी टोपली ठेवली खरी. पण मग माझ्या हातातून करंडा घेतला.

"हमारे यहाँ भी नहीं लगाते थे," त्या म्हणाल्या, आणि ताईंना हळद लावली, मग कुंकू लावलं. कुंकू जरा वाकडंच लागलं. ताईंनी सासूबाईंच्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं आणि करंड्यात बोट बुडवलं. सासूबाईंनी मान खाली वाकवली. मला रडू आलं, उगाच लपवत नाही.

पैसे पुढच्या आठवड्यात परत आले. सासूबाईंनी तो निरोप मला वाचून दाखवला. मग फोन हातात तसाच धरून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मीठ लुटूया. आणि त्या खालच्या ताईंना आधी विचारून ठेव, त्यांनाही काही लुटायचं असेल."