जिंकलेला फोन

फोन घेण्याआधी त्या दोन्ही हात पुसायच्या, कोरडे असले तरी. एखादं पुस्तक नामांकनात आलं की निकालापर्यंत ते उघडायच्या नाहीत. निकालाच्या दिवशी रेडिओ बंद. लेखकाला कायम भिंतीकडच्या स्टुलावर बसवायच्या. चेहरा लपवायची वेळ आली तर भिंत हवी, म्हणायच्या.

मुरोई तामिए यांची टोकियोतल्या जिम्बोचो या पुस्तकांच्या पेठेत आठ स्टुलांची खानावळ होती. सगळे त्यांना आदराने तामिए-सान म्हणायचे. लोकप्रिय कादंबऱ्यांचा तो मोठा पुरस्कार जानेवारीत आणि जुलैत जाहीर होतो. नामांकन मिळालेला लेखक त्या संध्याकाळी आपल्या संपादकांसोबत कुठेतरी बसून फोनची वाट पाहतो. एकतीस वर्षांत बावीस वेळा ती वाट तामिए-सानकडे पाहिली गेली. बावीसही वेळा नकार आला. दर वेळी त्या शुभप्रसंगाचा तांबडा मासा आणून ठेवायच्या आणि मग तोच भातात शिजवून वाढायच्या.

"खा रे. मासा काही हरलेला नाही."

साहित्याची पदवी घेऊन मी प्रकाशनसंस्थेत लागले, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवले.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"अगं बाई! मग भात जास्तच वाढते."

पुढे एकदा भांडी पुसताना म्हणाल्या, "मला एक जिंकलेला फोन ऐकायचाय, पोरी. 'हो, स्वीकारतो.' एवढंच. माझ्या समोर, इथे."

या जानेवारीत आमच्या संस्थेचे लेखक उत्सुगी-सेन्सेई चौथ्यांदा नामांकनात आले. आधीच्या तिन्ही वेळा ते तामिए-सानकडेच बसले होते. माझे वरिष्ठ म्हणाले, "या वेळी हॉटेल बघ." तामिए-सानना ते सांगायला मी गेले. त्यांनी बाजारात मासा आधीच सांगून ठेवला होता.

"माझी जागा अपशकुनी, असंच ना?"

"तसं नाही, तामिए-सान..."

"खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. जा. सेन्सेईंना म्हणावं, जेवून बसा. उपाशी माणसाला 'हो'सुद्धा नीट म्हणता येत नाही."

सहा वाजून वीस मिनिटांनी हॉटेलात फोन वाजला. सेन्सेई म्हणाले, "हो, स्वीकारतो." सगळे रडले. मीही. मग आठवलं, ते कोणाला ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई फुलं घेऊन खानावळीत गेले. ताठ उभं राहून त्यांनी तेच शब्द पुन्हा म्हणून दाखवले. तामिए-सान खूप हसल्या.

"छे. शिळं आहे."

मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, बाजारातून परतताना त्या रस्त्यात कोसळल्या आणि तिथेच गेल्या. एकाहत्तर वर्षांच्या होत्या. मी अजून दुपारी त्या गल्लीत वळते. वळल्यावर कळतं.

आवराआवर करायला त्यांच्या पुतणीने मला बोलावलं. काउंटरच्या खणात एक पोस्टकार्ड होतं. जुलैची नामांकनं जूनमध्ये कळतात, म्हणून नावाची जागा कोरी. खाली त्यांचं बारीक अक्षर: 'जुलैत वाट पाहायला माझ्याकडे या. इथे आजवर कोणी जिंकलेलं नाही, हे आधीच सांगते. तरीही आलात तर'

पुढे काही लिहिलेलं नाही.