वहिनीच्या फोनवरचं फुकट नेट

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही – आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे मांजरापासून बांगडा लपवणं. तुम्ही परके, म्हणून सांगतो. ऐकून घ्या, झालं.

रेवदंड्यात आमच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. समोर समुद्र. पण माणसं येतात, बॅगा टेकवतात आणि पहिला प्रश्न – वायफायचा पासवर्ड काय? अरे, मग घरीच का नाही बसलात? पण हे म्हणायची सोय नाही, कारण पाटीवर ‘वायफाय मोफत’ मीच रंगवून घेतलं होतं. वायफाय कसलं! केबलवाला आमच्या गल्लीत यायला तयार नाही, आणि माझ्या फोनला घरी रेंज मिळेल तो दिवस सणाचा.

शेजारी थोरल्या भावाचं घर. दादा तांडेल, म्हणजे स्वतःची मासेमारीची बोट चालवतो. मला बोट लागते, म्हणून मी किनाऱ्यावर. वहिनीच्या फोनला मात्र भरपूर रेंज. तिचा रिचार्ज मीच मारायचो. त्यात नेट हवं तेवढं, अट एकच – ते त्याच फोनवर वापरायचं. हॉटस्पॉट करून इतरांना वाटायचं असेल तर वेगळे पैसे भरा. का भरू? पाणी माझ्या हंड्यात आल्यावर मी ते कुणाला पाजतो, याची पंचाईत नळवाल्याला कशाला? असा माझा शहाणपणा. मी एक ॲप टाकलं – कंपनीला वाटावं, सगळं नेट वहिनी एकटीच बघतेय. आणि वहिनीला सांगितलं, फोन आमच्या बाजूच्या खिडकीत ठेवत जा, तिथे चार्जिंग चांगलं होतं. खिडकीत चार्जिंग चांगलं होतं! तिला ते पटलं, कारण सांगणारा मी होतो.

तो फोन तिच्यासाठी काय होता, हे सांगायला हवं. बोट परतताना कोर्लईच्या डोंगराजवळ आली की रेंज येते. तिथून दादा वहिनीला फोन करायचा. मग तिची धावपळ – बर्फवाल्याला सांगायचं, टोपल्या उचलणाऱ्या बायका गोळा करायच्या, बंदरावर उभं राहायचं. माशांचा लिलाव तीच करायची. व्यापारी तिला टरकून असत. बोट भरतीच्या पाण्यावरच आत घ्यावी लागते, बाहेर ताटकळत ठेवता येत नाही, म्हणून तो एक फोन वेळेवर लागणं महत्त्वाचं.

कंपनीचे मेसेज येत होते. इंग्रजीत. वहिनीला इंग्रजी येत नाही – मला येतं. मी ते वाचायचो आणि पुसून टाकायचो.

एका सकाळी पाहुण्यांनी आरडाओरडा केला, नेट गेलं. मी खिडकीशी गेलो तर वहिनीच फोन घेऊन उभी. म्हणाली, रेंजच्या दांड्या दिसत नाहीत, बघा जरा. मी बघितलं – कंपनीचा शेवटचा मेसेज होता, नियम मोडल्याबद्दल सिम बंद. दादा त्या दिवसांत केव्हाही परतणार होता. मला एवढंच सांगायला हवं होतं – वहिनी, माझ्यामुळे फोन बंद पडलाय, तू बंदरावर जाऊन बस. जड होतं का ते? मी म्हणालो, टॉवरचं काम चाललंय, दुपारपर्यंत येईल रेंज. आणि रिक्षा धरून अलिबागला पळालो.

दुकानात रांग. रांग संपल्यावर उत्तर – ज्यांच्या नावावर सिम आहे त्यांचाच अंगठा लागेल. मी हुज्जत घातली. कशासाठी? बरोबर होते ते. आणि तेवढ्यात – इथे अजून माझी जीभ अडते – माझा फोन वाजला. अलिबागला त्याला रेंज होती ना. दादाचं नाव. वहिनीचा लागेना, म्हणून त्याने मला लावला होता.

मी उचलला नाही.

उचलला तर पहिला प्रश्न येणार, तिचा फोन का बंद? आधी सिमचं निस्तरू, मग बोलू, असं मनाशी म्हटलं. फोन वाजून थांबला. परत वाजला. मी तो उलटा धरून उभा राहिलो. बर्फवाल्याला तिथून मलाही सांगता आलं असतं.

घरी आलो तोवर सगळं आटोपलं होतं. बंदरावर ना बर्फ, ना माणूस. पापलेट उन्हात मऊ पडलं आणि व्यापाऱ्याने पडेल भावात उचललं. इतरांचे फोन दिवसभर चालू होते, त्यामुळे माझी टॉवरची थापही टिकली नाही. दादा अंगणात, शेजाऱ्यांदेखत, वहिनीवर ओरडत होता. ती फोन पुढे धरून सांगत होती की तिने काही केलं नाही. मग दादा माझ्याकडे वळला – मी फोन का उचलला नाही हे विचारायला नव्हे, तर फोनातलं मला कळतं म्हणून.

"हिनं काय केलं रं फोनाचं?"

"कायतरी दाबलं असल," मी म्हणालो.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला ते खरं वाटलं. तिने फोनकडे बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

दुसऱ्या दिवशी मी तिला अलिबागला नेलं, तिचा अंगठा लावून सिम सुरू केलं आणि वर बजावलंही – आता जपून वापर. मी बजावलं! पण तिने तो फोन परत घेतलाच नाही. आता दादा समुद्रातूनच थेट व्यापाऱ्याला फोन करतो. व्यापारी बंदरावर हजर असतो, भावही तोच सांगतो. वहिनीचं तिथलं काम संपलं. मी खरं सांगायला तिच्या दारात कितीदा गेलो, आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत आलो.

ती आता माझ्या पाहुण्यांसाठी घावणे करते. माझ्याकडे कामाला आहे. परवा एका पाहुणीने तिच्यापुढे आपला फोन धरला – काकू, आमच्या सगळ्यांचा एक फोटो काढा ना. वहिनी मागे सरली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मना नको देऊ, बाय. मी हात लावला का फोन बिघरतो."

मी शेजारीच उभा होतो. पाहुणीच्या हातातून फोन घेतला आणि फोटो काढून दिला.