खट काढणारे काका

काकांना कान होते, हे आमचं दुर्दैव. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत त्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचो. फ्रिज जरा घुरघुरला की जेवण अर्धवट टाकून ते त्याच्यामागे शिरायचे.

रिटायर झाल्यावर त्यांनी एका फोक फेस्टिव्हलमध्ये हर्डी-गर्डी नावाचं वाद्य घेतलं. हँडल फिरवलं की आतलं लाकडी चाक तारांवर घासतं, सतत सूर निघतो आणि कळा दाबून स्वर बदलायचे. काकूंच्या गाण्याला साथ करायची हौस! पण सोडलेली कळ आपल्या वजनाने मागे पडायची आणि खट वाजायची. गाड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर खडखडाट शोधलेल्या माणसाला ती खट सहन होईना.

त्यातच काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज बदलू शकतो, असं कन्सल्टंटने सांगितलं होतं. त्याआधी त्यांचं एक भजन रेकॉर्ड करू म्हणून मी मिनीडिस्क रेकॉर्डर आणला. काकू डोळे मिटून गायला लागायच्या आणि ओळ पुरी व्हायच्या आत काका हात वर करायचे. "थांब. खट आली."

"काका, त्यांना नुसतं गाऊ द्या ना!"

"ती गाणार आणि मी नुसता बघत बसू?"

मग कळा बाहेर. पेन्सिलीचं शिसं घास, मेण लाव, फेल्टचं मऊ कापड चिकटव. त्यासाठी माझ्या खुर्चीच्या पायांखालचं फेल्टसुद्धा गेलं. जाड लावलं की कळ अडकायची, पातळ लावलं की खट हजर. रेकॉर्डर लावून एकेक कळ दाबायची, सोडायची आणि नंतर ऐकत बसायचं, ही त्यांची तपासणी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचं भजन आलं की ओरडायचे, "अगं, जरा गप्प बस, कळ ऐकू दे!" बाई गातेय आणि हा माणूस लाकूड ऐकतोय. मला डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

ऑपरेशन झालं. भजनाचं रेकॉर्डिंग राहिलं ते राहिलंच. काकू बऱ्या झाल्या, पण आवाज खरखरीत झाला, वरचे स्वर लागेनात. काकांनी हर्डी-गर्डी कपाटावर ठेवून दिली. फ्रिज घुरघुरला तरी ते जागचे हलेनात, मला धड चिडताही येईना.

एका रविवारी रेकॉर्डरच्या डिस्क पुसून रिकाम्या करायला बसलो आणि तपासणीची एक लावून पाहिली. खट. खट. आणि मागे, कढईत उलथनं फिरतंय त्याच्याही मागे, काकूंचं भजन. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. त्या दिवशी काका ओरडायला विसरले होते.

मी दोघांना बोलावलं. काका मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर काकू खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "छान आलंय रे. ती खट तेवढी कॉम्प्युटरवर काढता येते का?"

"येईल की," मी म्हणालो.

"खबरदार हात लावलास तर," काका म्हणाले. "पुन्हा लाव."