तीन ओळींचा अर्ज

गणूला इंग्रजी शब्दांचं वेड लागलं ते भातसानगरच्या धरण कॉलनीमुळे. बदली झालेल्या एका इंजिनीयरनं जाताना जाडजूड डिक्शनरी मागे टाकली आणि कॉलनीत रोजंदारीवर असलेल्या गणूनं ती उचलून डोळखांबजवळच्या आपल्या घरी आणली. रोज दहा शब्द. तेही कठीणच हवेत. साध्यांना विचारतो कोण? आवणीच्या चिखलात वाकून तो रोपांच्या दर मुठीला एक शब्द पुटपुटायचा आणि बांधावर डिक्शनरी धरून बसलेली धाकटी सावळी दटावायची, "चुकलास रे दादा! परत सांग."

"मास्तरीण झालीस काय गो?"

"होनारच हाय मी!"

एक्क्याण्णव साली सावळी दहावी पास झाली, तीही पहिल्या वर्गात. पुढे शिकायचं तर शहापूरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा हवी. अर्ज मराठीत चालला असता. पण मग पाच वर्षं घोकलेल्या शब्दांचं काय करायचं? गणूनं इंग्रजीत दोन पानं भरली आणि देवळापुढे सगळ्यांना वाचून दाखवली. एक अक्षर कोणाला कळलं नाही, त्यामुळे सगळे खूश.

सावळीनं तेवढं विचारलं, "घर लांब हाय, ते लिवलंस ना?"

"ते काय लिवायचं? त्यांना कळतं."

वसतिगृहाच्या बाई अर्ज वाचून थक्क झाल्या. "तुम्ही लिहिलंत? वा! मग हिला घरीच शिकवणारं माणूस आहे की. एकच जागा उरलीय, ती अडाणी घरातल्या मुलीला देते."

आईबाप अंगठा लावतात, एवढं तरी गणूनं बोलावं! पण त्या 'वा'नं तो असा फुगला होता की "थँक्यू मॅडम" म्हणून बाहेर आला.

पुढच्या वर्षी सावळीला मुरबाडकडे दिली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भाऊबीजेला येऊन ओवाळायची; नवा शब्द मात्र कधी विचारला नाही. डिक्शनरी माळ्यावर गेली.

दोन हजार नऊ साली ती लेकीला, भाविकाला, घेऊन आली. "मामा, होस्टेलचा अर्ज लिहून दे."

गणूनं मराठीत लिहिलं: मुलगी हुशार आहे. घर लांब आहे. वसतिगृहात जागा द्यावी.

सावळीनं कागद उभ्याउभ्या वाचला. मग पुन्हा वाचला.

"एवढाच होता काय रे अर्ज, दादा?"

गणू मान खाली घालून पेनाचं टोपण शोधू लागला. ते त्याच्या हातातच होतं.