ओढ्यावरच्या शेतासाठी कडोदऱ्याला

पाड्यावर सध्या माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, मी जमनाबाईला पढवलं. दोन, माझ्यामुळे सुमनचं शेत जाणार. दोन्ही खोट्या आहेत. म्हणून सुरतेच्या प्रवासाचं हे टिपण.

सुमन माझी नवापूरच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. ओढ्यावरचं शेत ती कसते, पण कागदावर ते जंगल. वनहक्काच्या दाव्याला जाणत्या माणसाचा जबाब चालतो, आणि त्या शेताची कहाणी येणारी एकच बाई उरली आहे: सुमनच्या वडिलांची बहीण, म्हणजे तिची फुई, जमना. ती मुलाकडे कडोदऱ्याला राहते.

"बाई, तुम्ही लिहून घ्याल?" सुमनने विचारलं. निघालो.

तुम्ही जाणार असाल तर सुरत स्टेशन गाठू नका, अलीकडच्या उधन्यालाच उतरा. पर्वत पाटियापर्यंत शटल, म्हणजे शेअर रिक्षा, पुढे कडोदऱ्याची दुसरी. भाव आधी ठरवा; मी ठरवला नाही आणि भांडले. पाटियाला साड्यांचे गठ्ठे लादलेले टेम्पो वाट सोडत नाहीत, तेवढ्यात लोचो खाऊन घ्या. मऊ, तेलकट, वर शेव. सुमनने तिचा माझ्याकडे सरकवला.

जमनाबाईची खोली लूमच्या कारखान्यामागे. खटखट इतकी की सगळं ओरडूनच बोलायचं.

"किती वाळलीस गं! नवरा जेवू घालत नाही?"

"तूच ये ना बघायला, फुई."

"येईन. हा भरत सुटी घेईल तेव्हा. म्हणजे मी मेल्यावर."

रात्रपाळी करून आलेला तिचा मुलगा भरत खाटेवर पडल्या पडल्या हसला.

मी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं. त्यांच्या समाजात कहाणी ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणायचं असतं. हुंकार थांबला की सांगणारी थांबते. हुंकार सुमनचा, कारण कहाणी तिच्या घराची.

जमनाबाईने पाण्याची जागा सांगितली, वाघाची वाट सांगितली, बांधावरचा मोह सांगितला. "हूं. हूं."

"मग माझ्या माणसाने कुऱ्हाड घेतली. घरजावई होता तो. बाप म्हणाला, तोडशील तेवढं तुझं."

हूं आला नाही.

ते रान आपल्या आजोबांनी तोडलं, असंच सुमन जन्मभर समजत आली होती. भरत उठून बसला. शेत आपलं की काय, असं त्याने आईला विचारलं: "एटले खेतर आपणुं?"

"नांगर धरलास कधी? पड गुमान."

"जमनाबाई, पुढे सांगा," मी म्हटलं.

"हुंकार कुठाय?"

मीच दिला.

"तुझा नाही चालत, बाई. तुझं काय जातंय?"

सुमन माझ्याकडे वळली. "बाई, इथपर्यंतचंच घेतलं तर? कुऱ्हाडीच्या आधीचं?"

मी फोनकडे पाहिलं, मुद्रण चालूच होतं. जमनाबाईच बोलली, "अर्धी कहाणी मी देत नसते. न्यायची तर सगळी ने."

चहा आला, निवला. शेवटी सुमनने मान खाली घालून म्हटलं, "हूं."

माणूस साप चावून गेला. जमनाबाई कडेवरच्या भरतला घेऊन सुरतेला आली. येताना भावजयीला, सुमनच्या आईला, म्हणाली, शेत पडू देऊ नको. तिने पडू दिलं नाही. तिच्यामागे सुमनने.

"संपली," जमनाबाई म्हणाली.

"म्हणजे शेत कोणाचं?"

"मी कहाणी सांगते, बाई. वाटण्या करत नाही."

रिक्षात बसवताना भरत म्हणाला, "सुमनबेन, मने कंई नथी जोइतुं. काही नको मला." रिक्षा हलल्यावर मागून ओरडला, "तो मोह आहे का अजून?"

परतून आता बरेच दिवस झाले. ज्याने रान तोडलं त्याचं शेत, की जिने पडू दिलं नाही तिचं? एक दिवस एक पटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. पढवायला मला आधी काही कळायला तर हवं होतं.

वनहक्क समितीकडे सुमनने स्वतः दिलं ते असं: जमनाबाईचा पूर्ण लेखी जबाब, अंगठ्यासह. ध्वनिमुद्रण, कुठेही न कापलेलं. सुमन गप्प झाली ती जागाही त्यात आहे. तिथे फक्त लूम वाजतात.